लाइम व्याधीच्या निदानातील प्रतिपिंडे : प्रत्यक्ष आणि अनुमान

अमेरिकेच्या ईशान्य भागात मुलाबाळांकडे राहून आलेले रुग्ण आता आपल्या चिकित्सालयांतही येतात. एका जानुसंधीचा शोथ किंवा अर्दितासारखी लक्षणे, आणि हाती तिकडील लाइम व्याधीच्या तपासणीचा अहवाल, असा प्रसंग आल्यास ‘प्रतिपिंडे’ या शब्दाचा नेमका अर्थ आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. या विषयात हा शब्द दोन अर्थांनी येतो. त्यांची गल्लत झाल्यास निदान चुकते.

जंतूचा शोध

१९७५ साली कनेक्टिकट राज्यातील लाइम परिसरात अनेक बालकांना संधिशोथ झाल्याचे लक्षात आले. येल विद्यापीठाच्या डॉ. ॲलन स्टीअर यांनी त्याचा अभ्यास केला. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात सर्पिल आकाराचे जंतू आढळले. १९८४ मध्ये त्यांस ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ हे नाव मिळाले.

प्रयोगशाळेत घडविलेली प्रतिपिंडे

कोहलर व मिल्स्टाईन यांच्या १९७५ च्या पद्धतीत, लस टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील पेशींचा अर्बुदपेशींशी संयोग करतात. त्या संकरित पेशी एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड निर्माण करतात. १९८३ मध्ये ॲलन बार्बर व सहकाऱ्यांनी या मार्गाने बोरेलियाच्या बाह्य आवरणातील ‘ओस्प-ए’ या प्रथिनास ओळखणारे प्रतिपिंड तयार केले. अशा प्रतिपिंडास चकाकणारे रंगद्रव्य जोडले असता गोचिडीतील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.

परंतु गोचीड उष्ण रक्त पिऊ लागताच जंतू ‘ओस्प-ए’ कमी करून ‘ओस्प-सी’ धारण करू लागतो. शिवाय रुग्णाच्या रक्तात जंतूंची संख्या अत्यल्प असते. म्हणून गोचिडीत उपयुक्त ठरणारे हे साधन रुग्णाच्या नित्य निदानात उपयोगी पडत नाही.

रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडे

रुग्णाच्या अहवालात सामान्यतः त्याच्याच शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे नोंदलेली असतात. १९९५ पासून अमेरिकेत द्विस्तरीय तपासणी रूढ आहे : प्रथम एलायझा, ती सकारात्मक वा संदिग्ध आल्यास वेस्टर्न ब्लॉट. आयजीजीच्या १० पट्ट्यांपैकी किमान ५ उमटल्या तरच ब्लॉट सकारात्मक मानतात. २०१९ पासून ब्लॉटऐवजी दुसऱ्या एलायझा चाचणीसही तेथे मान्यता आहे. ४१ किलोडाल्टनची एकटी पट्टी पुरावा ठरत नाही. कारण फिरंगाच्या जंतूसह अन्य सर्पिल जंतूंतही तत्सम प्रथिन असते.

आमचे निवेदन

जंतू डोळ्यांनी पाहणे हे प्रत्यक्ष. रुग्णाच्या प्रतिपिंडांवरून जंतू ओळखणे हे अनुमान. धुरावरून अग्नी ताडावा तसे हे आहे. अग्नी नुकताच पेटला असता धूर दिसत नाही, आणि विझल्यावरही तो रेंगाळतो. पहिल्या काही आठवड्यांत अहवाल नकारात्मक येऊ शकतो. उलट यशस्वी उपचारानंतरही तो वर्षानुवर्षे सकारात्मक राहू शकतो.

यास्तव तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रवासाचा व गोचीड चावल्याचा इतिहास अवश्य विचारावा. अशा प्रदेशातून नुकत्याच आलेल्या रुग्णाच्या त्वचेवर पसरत जाणारे आरक्त मंडल दिसल्यास, दद्रु वा विसर्प समजून लेपात काळ दवडू नये व अहवालाचीही वाट पाहू नये. त्यास तत्काळ आधुनिक तज्ज्ञाकडे पाठवावे, कारण आरंभी दिलेली प्रतिजैविके हा व्याधी बहुधा पूर्ण बरा करतात. आणि उपचार पूर्ण झालेल्या, लक्षणरहित रुग्णास केवळ जुन्या सकारात्मक अहवालावरून पुन्हा औषधांत गुंतवू नये.

अहवाल हा निदानाचा साहाय्यक होय. निदान वैद्यानेच करावयाचे असते.