समाजमाध्यमाचे भाषांतर : 'कू' आणि पोर्तुगीज भाषा

एखादा ग्रंथ एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे काय, याची कल्पना सुशिक्षित वाचकाला असते. मूळ ग्रंथ लिहून पूर्ण झालेला असतो. भाषांतरकार तो वाचतो, समजून घेतो आणि आपल्या भाषेत पुन्हा लिहितो. शेवटचे पान संपले की त्याचे काम संपते. समाजमाध्यमाचे भाषांतर मात्र निराळ्या जातीचे असते. तेथे मूळ संहिता अशी जवळजवळ नसतेच. जो मजकूर वाचला जाणार असतो तो अजून लिहिला जायचा असतो, आणि तो लिहिणार असतात त्या भाषेचे लक्षावधी बोलणारे. भाषांतर करायचे असते ते त्यांच्या बसण्याउठण्याच्या जागेचे. हे काम कसे चालते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यासाठी 'कू' या भारतीय समाजमाध्यमाचे उदाहरण उपयोगी पडते. नोव्हेंबर 2022 मध्ये ते पोर्तुगीज भाषेत उपलब्ध झाले आणि जुलै 2024 मध्ये ते बंद होत असल्याचे जाहीर झाले.

एक जुना शेजार

पोर्तुगीज ही मराठी माणसाला सर्वस्वी अनोळखी भाषा नाही. बटाटा, पाव, काजू, अननस, पगार, चावी, बादली, घमेले, लिलाव, तुरुंग हे शब्द तिच्याकडूनच आपल्या घरात आले, आणि इतके रुळले की त्यांचे परकेपण कोणाला आठवतही नाही. आशियातील भाषांमध्ये शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा शोध घेणारा मोठा ग्रंथ सेबास्तियांव रुदोल्फु दालगादु या गोव्यात जन्मलेल्या पंडिताने 1913 मध्ये प्रसिद्ध केला.

एका भाषासमूहाचे साधन दुसऱ्या भाषासमूहाला उपलब्ध करून देण्याचा प्रश्नही या भूमीला नवा नाही. भारतातील पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला. त्यानंतर 1579 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक तेथे पोहोचले आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत निघाला, कारण मराठी अक्षरांचे खिळे तेथे नव्हते. स्टीफन्स यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघडच आहे. तरीही त्यांनी ओवी आणि पुराण हे श्रोत्यांच्या ओळखीचे साचे स्वीकारले. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने उलट वाट धरली आणि स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. लोकांच्या भाषेत आपण जावे की लोकांना आपल्या भाषेत ओढावे, हे दोन मार्ग त्या काळीच स्पष्ट झाले होते. यंत्र बदलले तरी हा प्रश्न बदललेला नाही.

'कू'चा उदय

अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी बंगळूर येथे 'कू' उभे केले. मार्च 2020 मध्ये ते प्रथम कन्नड भाषेत सुरू झाले. हिंदी, मराठी, तेलुगू, तमिळ, बंगाली आदी भाषा नंतर आल्या. छोटे संदेश लिहावेत, इतरांनी ते वाचावेत, त्यांवर मत द्यावे, ही पद्धत 'ट्विटर'सारखीच होती. फरक भाषेच्या स्थानात होता. बहुतेक परदेशी माध्यमे इंग्रजीत घडत आणि मग इतर भाषांचा पेहराव करत; 'कू'मध्ये वापरकर्ता आरंभीच आपली भाषा निवडी आणि त्या भाषेच्या दालनात प्रवेश करी. त्याला हवे असल्यास एकच संदेश अनेक भाषांत प्रसिद्ध करण्याची सोयही होती.

या सोयीचे मोल बहुभाषिक देशात लवकर कळते. लखनौ छावणीजवळच्या तेलीबागेत स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. घरात मराठी, बाजारात हिंदी, मुलांच्या शाळेत इंग्रजी. अशा घरातील माणसाला नागपूरच्या आप्तांशी आणि गल्लीतल्या शेजाऱ्यांशी एकाच वेळी बोलायचे असेल, तर एकभाषी माध्यम त्याला नेहमी कोणाला तरी वगळायला लावते.

फेब्रुवारी 2021 मध्ये काही खाती बंद करण्यावरून भारत सरकार आणि 'ट्विटर' यांच्यात वाद झाला, तेव्हा अनेक मंत्री आणि सरकारी विभाग 'कू'वर आले. त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियाने 'ट्विटर'वर बंदी घातली आणि तेथील सरकारनेही 'कू'वर खाते उघडले. दुसरीकडे वादळ उठले की 'कू'च्या शिडात वारा भरे, असे तेव्हापासूनच दिसू लागले होते.

शब्दांच्या पलीकडचे भाषांतर

एखादे माध्यम नव्या भाषेत आणताना पहिले काम सोपे वाटते. पडद्यावर दिसणारी सर्व वाक्ये, म्हणजे कळांवरील शब्द, सूचना, चुकांचे इशारे आणि नियम, आज्ञावलीपासून वेगळी काढली जातात. त्यांची यादी भाषांतरकाराच्या हाती येते. पण यादीतील वाक्य सुटे असते; ते कोठे, कोणाला, कशानंतर दिसणार हे त्याला दिसत नाही. 'पाठवा' ही आज्ञा आहे की शीर्षक, हे कळल्याशिवाय एका शब्दाचेही नीट भाषांतर होत नाही.

त्यानंतर व्याकरण आडवे येते. इंग्रजीत स्वागताचा शब्द सर्वांना सारखाच चालतो. पोर्तुगीजमध्ये पुरुषाला 'बेंव्हिंदु' आणि स्त्रीला 'बेंव्हिंदा' म्हणावे लागते. ज्याचे लिंग यंत्राला ठाऊक नाही त्याचे स्वागत कसे करावे? चतुर भाषांतरकार वाक्याची रचनाच बदलतो आणि प्रश्न टाळतो. मराठी भाषांतरकाराला हे संकट परिचयाचे आहे. 'तू आलास', 'तू आलीस', 'तुम्ही आलात' आणि 'आपण आलात' यांतून एक निवडताना तो माध्यमाचा आणि वाचकाचा संबंधच ठरवत असतो.

तिसरा प्रश्न, कोणती पोर्तुगीज? ब्राझील आणि पोर्तुगाल यांची भाषा एकच असली तरी नित्याचे शब्द वेगळे आहेत. ब्राझीलमध्ये भ्रमणध्वनीला 'सेलुलार' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'तेलेमोव्हेल'. पडद्याला ब्राझीलमध्ये 'तेला', तर पोर्तुगालमध्ये 'एक्रा'. 'वापरकर्ता' या शब्दासाठीही दोन देशांत दोन शब्द आहेत. ब्राझीलच्या मोठ्या भागात समोरच्याला 'वोसे' असे सहज संबोधतात; पोर्तुगालमध्ये तोच शब्द अनेकदा खटकतो. 2022 च्या जनगणनेनुसार ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींहून अधिक आहे, त्यामुळे व्यापारी दृष्टीने निवड अवघड नसते. परंतु ती निवड आहे याची जाणीव नसेल, तर दोन्हींची खिचडी होते आणि कोणालाच ती आपली वाटत नाही.

काही अडचणी डोळ्यांना किरकोळ दिसतात. पोर्तुगीजमध्ये 'आजोबा' आणि 'आजी' या अर्थांचे दोन शब्द अक्षरांनी सारखे असून केवळ शेवटच्या स्वरावरील चिन्हाने वेगळे होतात. शोधयंत्राने ती चिन्हे सरसकट गाळली तर आजीच्या शोधात आजोबा सापडतात. चिन्हांचा अतिरेकी आग्रह धरला तर घाईत चिन्ह न लिहिणाऱ्याला काहीच सापडत नाही. संख्येत आपण जेथे स्वल्पविराम देतो तेथे ते टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणून 1.500 हा आकडा आपल्याला दीड वाटतो आणि ब्राझीलच्या माणसाला दीड हजार.

सर्वांत कठीण काम असते पहाऱ्याचे. माध्यमावर शिवीगाळ, धमक्या, खोटी खाती आणि फसवणूक येतेच. ती ओळखण्यासाठी शब्दकोश पुरत नाही. त्या समाजाचे टोमणे, त्याचे राजकारण आणि त्याचे विनोद कळावे लागतात. यादीतील वाक्ये काही दिवसांत भाषांतरित होतात. भाषा जाणणारे पहारेकरी मिळवणे, त्यांना शिकवणे आणि टिकवणे याला वर्षे लागतात, आणि तो खर्च कधीही संपत नाही.

नावाची गंमत

'कू' हे नाव पक्ष्याच्या आवाजावरून घेतलेले. बोधचिन्हही पिवळ्या पक्ष्याचे. भारतीय कानाला त्यात कोकिळेची आठवण होते. पोर्तुगीजमध्ये मात्र हा उच्चार मानवी देहाच्या पार्श्वभागासंबंधीच्या एका ग्राम्य शब्दाशी तंतोतंत जुळतो. ब्राझीलच्या लोकांना हे कळताच हास्याचा एकच कल्लोळ उडाला. त्या द्व्यर्थावर इतके विनोद रचले गेले की जाहिरातीला पैसा खर्च करण्याची गरजच उरली नाही. नाव अखेरपर्यंत बदलले गेले नाही.

या गमतीत भाषाशास्त्राचा एक धडा आहे. ती दोन अक्षरे पोर्तुगीजमधील कितीतरी निरुपद्रवी शब्दांच्या आरंभी येतात. 'काळजी' या अर्थाचा 'कुइदादु' आणि 'अभ्यासक्रम' या अर्थाचा 'कुरसु' ही दोन उदाहरणे. केवळ अक्षरे पाहून अश्लीलता गाळणारे यंत्र अशा शब्दांनाही गुन्हेगार ठरवील. आणि जे माध्यम स्वतःच्याच नावाने त्या शब्दाचा रोज उच्चार करते, तेथे यंत्राने काय करावे? शब्दाचा अर्थ शब्दात नसून बोलण्याच्या प्रसंगात असतो, हे व्याकरणकारांचे जुने मत येथे व्यवहारात सिद्ध होते.

अठ्ठेचाळीस तास

ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी 'ट्विटर' विकत घेतले. नोव्हेंबरमध्ये तेथील कर्मचारी मोठ्या संख्येने कमी झाले आणि ते माध्यम बंद पडेल अशी अफवा जगभर पसरली. ब्राझीलचे लोक पर्याय शोधू लागले आणि नावाच्या विनोदाने त्यांना 'कू'च्या दारात आणून सोडले. कंपनीने काही दिवसांतच पोर्तुगीज भाषा जोडली. 'कू'वरील ती अकरावी भाषा. त्यानंतर अठ्ठेचाळीस तासांत ब्राझीलमध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी ते उतरवून घेतल्याचे कंपनीने जाहीर केले.

ब्राझील आणि भारत यांनी यापूर्वीही एक अंगण वाटून घेतले होते. 2004 मध्ये सुरू झालेले 'ऑर्कुट' हे माध्यम अमेरिकेत निर्माण झाले, पण रुजले ते मुख्यतः या दोन देशांत. 2005 मध्ये ते पोर्तुगीजमध्ये आले, 2008 मध्ये त्याचा कारभार ब्राझीलमधील बेलु ओरिझोंति येथे हलवला गेला आणि 30 सप्टेंबर 2014 रोजी ते बंद झाले. परंतु तेथे घर तिसऱ्याचे होते. 'कू'च्या वेळी प्रथमच भारतीय यजमान आणि ब्राझिली पाहुणे अशी मांडणी झाली.

पाहुणे आले, हसले, खेळले. त्यांतील थोडेच राहिले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. माणूस माध्यमावर जातो तो तेथील माणसांसाठी. भाषेचे दालन उघडले तरी त्यात रोजचे बोलणे सुरू व्हावे लागते: स्थानिक बातमी, फुटबॉलचा सामना, शेजारचे भांडण, कवीची नवी कविता. ते बोलणे घडेपर्यंत दिवा तेवत ठेवण्याचे बळ यजमानाकडे असावे लागते. 'कू'कडे ते नव्हते. एप्रिल 2023 मध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा कर्मचारी कमी केल्याची बातमी आली. मोठ्या कंपन्यांशी चाललेल्या वाटाघाटी फिसकटल्या, आणि 3 जुलै 2024 रोजी संस्थापकांनी सेवा बंद होत असल्याचे जाहीर केले.

यानंतर दोन महिन्यांच्या आतच काळाने एक कडू योग जुळवून आणला. 30 ऑगस्ट 2024 रोजी ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेशांद्रे जि मोरायस यांनी, तोपर्यंत 'एक्स' असे नाव घेतलेल्या 'ट्विटर'वर देशात बंदी घातली. 8 ऑक्टोबरपर्यंत ती टिकली. 2022 मध्ये जी अफवा होती ती या वेळी वस्तुस्थिती झाली. ब्राझीलचे लक्षावधी लोक खरोखरच नव्या घराच्या शोधात निघाले आणि 'ब्लूस्काय' या दुसऱ्या माध्यमाकडे गेले. ज्याचे दार त्यांच्या भाषेत उघडले गेले होते, ते भारतीय घर तोवर बंद झाले होते.

भाषेचे वचन

या कथेत केवळ एका उद्योगाचे अपयश पाहणे पुरेसे होणार नाही. बंद झाले ते दालन पोर्तुगीज बोलणाऱ्यांचे होते, तसेच मराठी बोलणाऱ्यांचेही होते. 2011 च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा असल्याचे नोंदवले आहे. त्यांपैकी जे 'कू'वर मराठीत लिहीत होते, त्यांची बोलण्याची ती जागाही त्याच दिवशी गेली. ग्रंथाचा प्रकाशक बुडाला तरी ग्रंथालयातील प्रत उरते. रायतूरचा छापखाना कधीच थांबला, तरी 'ख्रिस्तपुराण' चारशे वर्षांनंतर वाचता येते. समाजमाध्यमाची प्रत ग्रंथालयात नसते.

म्हणून एखादे माध्यम 'आता तुमच्या भाषेत' अशी घोषणा करते तेव्हा जाणत्या वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. या भाषेचा पहारा कोण करणार? तिच्या वापरकर्त्यांची संख्या रोडावली तर तिचा खर्च कोण सोसणार? आणि दार बंद करण्याची वेळ आलीच, तर येथे लिहिलेले शब्द ज्याचे त्याला परत मिळणार काय? पहिल्या प्रश्नाला अभ्यासाने उत्तर देता येते, दुसऱ्याला पैशाने आणि तिसऱ्याला नियमाने. तिन्ही उत्तरे हाती असतील तेव्हाच ते भाषांतर पुरे झाले असे समजावे.