शेताचा नकाशा : अंदाजाने नव्हे, मापाने



उसाची नोंद देताना क्षेत्र सांगावे लागते. पाटपाण्याचा अर्ज भरताना, ठिबकचा आराखडा करताना आणि भावाभावांत वाटणी करतानाही पहिला प्रश्न तोच असतो. सातबारा उतारा क्षेत्र सांगतो, पण शेताचा आकार सांगत नाही. आकार नकाशात असतो. तो नकाशा घरच्या संगणकावर, फुकट मिळणाऱ्या प्रणालीने आणि टेपच्या मापाने कसा काढावा, हा या पाठाचा विषय आहे.

रेघ सरकली तर काय जाते?

नाशिकच्या गंगापूर रोडची बाजू पाहा. आनंदवल्ली, गंगापूर, गोवर्धन ही एके काळची शेतीची गावे. शहर रस्त्याच्या कडेकडेने तिकडे सरकले आणि मळ्यांना लागून बिनशेती प्लॉट पडले. शेजारी शेत असताना बांध हातभर इकडेतिकडे झाला तर चार माणसे बसवून मिटायचे. शेजारी पक्की भिंत उभी राहिली की मग मिटत नाही. आज गंगापूर रोडला जे झाले तेच उद्या आपल्या कुठल्याही गावच्या शिवेवर होणार, हे धरून चालावे.

हिशोबच करून बघू. एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याची एक बाजू सुमारे ६३.६ मीटर येते. एकच बांध एक मीटर सरकला तर सुमारे ६३ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन इकडची तिकडे होते. चारही बाजू मीटर-मीटरभर बाहेर धरल्या तर फरक अडीच गुंठ्यांवर जातो.

आता मोबाईल हातात धरून बांधावरून चक्कर मारली, तर उघड्या रानातही दोन-चार मीटरची चूक सहज येते. उपग्रहाच्या फोटोवर रेघ ओढावी, तर उभ्या उसात आणि झाडांखाली बांधच दिसत नाही. म्हणून नुसत्या नजरेने ओढलेली रेघ कामाची नाही. रेघेला माप पाहिजे.

जुन्या लोकांची पद्धत

आपल्याकडची शेतवार मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताखाली नव्याने बसली. तेव्हापासूनचे माप म्हणजे ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे. शेतातून एक सरळ पायारेषा टाकायची, आणि बांध जिथे जिथे वळतो तिथपर्यंत त्या रेषेवरून काटकोनात लंब मोजायचा. किती साखळ्या किती आण्यांवर लंब निघाला आणि तो किती लांब गेला, एवढे कागदावर टिपले की झाले टिपण.

या मापात मोठी खुबी आहे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे साखळ्यांचा गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांत येते. मीटरमध्ये एक साखळी १०.०५८४ आणि एक आणा सुमारे ०.६३ भरतो.

संगणकावर तेच काम

क्यूजीआयएस ही नकाशाची खुली, मोफत प्रणाली आहे. २००२ साली गॅरी शर्मन यांनी तिची सुरुवात केली, आणि पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली. आरंभी तीत रेघ काढायची ती माऊसने, नजरेच्या अंदाजाने. इमारतीचे आराखडे काढणाऱ्या कॅड प्रणालीत मात्र लांबी आणि कोन आकड्याने देता येत. ती सोय 'कॅडइनपुट' नावाच्या जोडणीतून इकडे आली, आणि २०१५ च्या २.८ आवृत्तीत मूळ प्रणालीतच घेतली गेली. आपल्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की टिपण जसे आहे तसे आता संगणकावर मांडता येते.

पायऱ्या

समजा, टिपणात पायारेषा १० साखळ्या ४ आणे आहे. तिच्यावर ३ साखळ्या ८ आण्यांवर डावीकडे २ साखळ्या ४ आण्यांचा लंब आहे. मीटरमध्ये हे आकडे १०३.१०, ३५.२० आणि २२.६३ असे होतात.

१) प्रथम नकाशाची मापपद्धत मीटरची ठेवा. नाशिक जिल्ह्याला 'यूटीएम ४३ उत्तर' लागते. तिच्यात शंभर मीटरला सुमारे दोन सेंटिमीटर फरक पडतो, तो शेतापुरता सोडून द्यावा.

२) रेषांचा एक थर आणि क्षेत्राचा एक थर असे दोन थर करा. रेषांच्या थराचे संपादन चालू करून कंट्रोल आणि ४ ही बटणे दाबा. मापाची पट्टी उघडते.

३) 'स्नॅपिंग' चालू करा, म्हणजे नवी रेघ आधीच्या टोकाला नेमकी चिकटते. हे विसरले तर दोन शेतांमध्ये फट राहते.

४) हद्दीच्या पहिल्या दगडावर टिचकी मारा. 'डी' दाबून १०३.१० लिहा आणि एंटर दाबून अंतर बांधून टाका. मग दुसऱ्या दगडाच्या दिशेने टिचकी मारा. ही झाली पायारेषा. दिशा फोटोवरून, पण लांबी टेपवरून.

५) आता 'सी' दाबा. या स्थितीत मारलेली टिचकी नुसती खुणेची असते, रेघेत धरली जात नाही. पहिल्या दगडावर खूण करून पुन्हा 'सी' दाबा, अंतर ३५.२० बांधा आणि पायारेषेवर टिचकी मारा. लंबाचे बूड मिळाले. मग 'पी' दाबून काटकोन निवडा, पायारेषा दाखवा, २२.६३ बांधा आणि डाव्या अंगाला टिचकी मारा.

६) असे सगळे लंब झाले की क्षेत्राच्या थरात जाऊन टोकाला टोक जोडत हद्द काढा.

ताळा करा

वरच्या त्रिकोणी तुकड्याचे क्षेत्र संगणक सुमारे ११६६ चौरस मीटर, म्हणजे ११.६६ आर दाखवील. आता हाताने करून बघा : १०.२५ गुणिले २.२५ आणि त्याचे निम्मे, म्हणजे ११.५३ गुंठे. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तेव्हा दोन्ही उत्तरे जुळली. नाही जुळली तर आकडा चुकला किंवा आण्यांचे मीटर करताना घोटाळा झाला असे समजावे. शेवटी सगळ्या तुकड्यांची बेरीज उताऱ्यावरच्या हेक्टर-आरशी ताडून पाहावी.

हे ध्यानात ठेवा

दगडाची जागा फोटोवरून घेतली तर सगळा नकाशा दोन-चार मीटर सरकलेला असू शकतो. आकार आणि क्षेत्र मात्र मापाप्रमाणे बरोबर राहते. म्हणून ठिबकच्या नळ्या, सऱ्या आणि उसाची नोंद यांना हा नकाशा उत्तम आहे. शेजाऱ्याची भिंत कुठे यावी हे ठरवायला तो चालत नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच, आणि त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षकांकडे रीतसर अर्ज करावा लागतो. १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण होऊन जिथे सर्व्हे नंबरांचे गट झाले, तिथे जुने टिपण आणि आताचा गट यांची हद्द एकच आहे ना, हेही आधी तपासावे.

मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. मोजणीदार येण्याच्या दिवशी ज्याच्या हातात स्वतःचा मापाचा नकाशा आहे त्याला दगड कुठे असायला हवा हे ठाऊक असते, आणि तो नेमका प्रश्न विचारू शकतो. बाकीचे नुसते बघत उभे राहतात. घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर संगणक त्यांच्या हाती द्या आणि टेपचे टोक आपण धरा. लावणीपूर्वी रान मोकळे असते, दगड दिसतात. मोजायला तेच दिवस बरे.