‘सोपा पेपर’ निवडण्याआधी

नवीन शैक्षणिक धोरण 2024-25 पासून आमच्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही आलं. आता बी.ए.च्या मुलाला आपल्या शाखेबाहेरचाही विषय घ्यावा लागतो. अर्ज भरताना प्रश्न ठरलेला, “सर, सोपा कोणता?” आर्थिक साक्षरता, मूल्यशिक्षण, आकडेवारीची ओळख हे पेपर ‘दोन श्रेयांकांचे’ म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकले जातात. दोन श्रेयांक म्हणजे जेमतेम 30 तास. पण वसमत तालुक्यात शिकवताना जे बघितलं, त्यावरून सांगतो, पहिला दणका बसतो तो याच तासांतलं ठाऊक नसल्यामुळे.

आमच्या एका विद्यार्थ्याकडे ओळखीतल्या माणसानं बँक खातं ‘वापरायला’ मागितलं. पासबुक, एटीएम कार्ड, सिम द्यायचं आणि महिन्याला घरबसल्या काही हजार घ्यायचे. पोरानं दिलं. खात्यातून परराज्यातल्या फसवलेल्या लोकांचे पैसे फिरले, खातं गोठलं, नोटीस आली. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात यायची, ती अडकली. ऐन हळद काढणीत वडिलांचे पोलीस ठाण्याचे हेलपाटे सुरू झाले. “मी तर कुणाचा रुपया घेतला नाही,” एवढंच तो म्हणत राहिला.

या एका व्यवहारात तिन्ही पेपर होते. खात्याची जबाबदारी खातेदाराची, हे अर्थभान. येणारा पैसा कुणाचा हे विचारणं, ही नीती. काहीही न करता एवढी रक्कम कशी मिळते, हा आकड्याला विचारायचा प्रश्न. अभ्यासक्रमात हे तीन वेगळे असतात. फसवणारा तिन्ही एकदम घेऊन येतो. म्हणून माझं सांगणं, हे विषय घरातले कागद समोर ठेवून शिका.

सुरुवात कर्जाच्या कागदापासून करा. 50,000 रुपये, वर्षाची मुदत, ‘फक्त 12 टक्के’ सरळ व्याज. हप्ता साधारण 4,667 रुपये. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जासोबत मुख्य बाबींचं पत्रक मिळायला हवं आणि त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर असतो. सहीआधी तो वाचा.

मग हळदीचे भाव घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो दिवसातला सर्वात चढा दर. तो एखाद्याच उजव्या ढेरीला मिळालेला असतो. बाजार समितीच्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. घरी सांगायचा तो सर्वसाधारण दर, आणि तोही आवकेसह. हे जमलं की ‘अमक्यानं ऑप्शनमध्ये लाख कमावले’ हा स्क्रीनशॉटही कमाल दरासारखाच वाचता येतो. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या काळात शेअर बाजारात वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले. ते स्क्रीनशॉट टाकत नाहीत.

मोठमोठे शास्त्रज्ञही आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. आपल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाचा प्रकल्प होतो आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या लायगोत मोजक्या जणांनी मुद्दाम एक खोटा संकेत यंत्रात सोडला. अशी परीक्षा होऊ शकते हे सगळ्यांना माहीत होतं, कधी ते नव्हतं. महिनोन्महिने छाननी झाली, शोधनिबंधही तयार झाला आणि 2011 मध्ये तो संकेत बनावट असल्याचं उघड केलं गेलं. स्वतःलाच असं तपासून घेणं हे विज्ञान तर आहेच, पण प्रामाणिकपणाही आहे.

तेव्हा विषय निवडताना ‘पास किती होतात’ यापेक्षा ‘प्रत्यक्ष काम काय असतं’ ते विचारा. तासाला पासबुक, पीकविम्याची पावती, हप्त्याचा कागद न्या. खाते क्रमांक तेवढा झाका. शिक्षक नुसत्या व्याख्या उतरवून देत असतील तर “सर, हा कागद सोडवून दाखवा” म्हणा, त्यात आगाऊपणा नाही. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, मग घरी सांगा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले, तरच परत मिळण्याची आशा असते.