दंड भरून सुटलो, असं वाटलं होतं

आमच्या मैंदर्गीत शेताच्या वाटेवरून जेवढी भांडणं होतात, तेवढी पैशावरूनही होत नसतील. 2014 च्या उन्हाळ्यात मी चुलतभावाचा ट्रॅक्टर अडवला. शब्दाला शब्द लागला आणि मी त्याला एक ठेवून दिली. त्याने फिर्याद दिली. कलमं लागली 341, 323 आणि 504. वाट अडवली, मारलं, शिव्या दिल्या. तिन्ही जामीनपात्र, त्यामुळे पोलीस ठाण्यातूनच जामीन झाला. प्रकरण किरकोळ आहे ही समजूत तिथेच डोक्यात बसली.

वर्षभराने अक्कलकोटच्या कोर्टाचं समन्स आलं. आईला मराठी फारसं कळत नाही, आमच्या घरात कन्नडच. तिला म्हटलं, काही नाही, तारीख आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात एका अनुभवी गृहस्थांनी फुकटचा सल्ला दिला, "तारखा कशाला करतोस? कबूल कर, पाचशे भर, मोकळा हो." वकील दिला नव्हता. न्यायाधीशांनी आरोप वाचून गुन्हा कबूल आहे का विचारलं. नाही म्हणायचा मला पूर्ण हक्क होता. मी "हो साहेब" म्हणालो. दंड झाला, वर कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. संध्याकाळच्या एसटीने घरी येऊन पोटभर जेवलो.

दोन वर्षांनी एका सरकारी भरतीत निवड झाली. साक्षांकन नमुन्यात प्रश्न होता, कधी दोषी ठरला आहात का? मी "नाही" लिहिलं. माझ्या लेखी तो दंड म्हणजे सिग्नल तोडल्याची पावती. चारित्र्य पडताळणीत सगळं निघालं आणि निवड रद्द झाली. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं आहे की गुन्हा क्षुल्लक असेल तर लपवलेली माहितीसुद्धा नेमणूक करणारे माफ करू शकतात. पण ते त्यांच्या मर्जीवर. खरं लिहिलं असतं तर निदान बाजू मांडायला जागा उरली असती.

कबुली म्हणजे दोषसिद्धी, मग दंड पाच रुपयांचा का असेना. शिवाय कबुलीवर शिक्षा झाली की अपील फक्त ती शिक्षा किती आणि कायदेशीर की बेकायदा, एवढ्यापुरतं उरतं.

1 जुलै 2024 पासून कलमांचे आकडे बदलले. 341 चं भारतीय न्याय संहितेत 126(2) झालं, कमाल एक महिना कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 323 चं 115(2), एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. 504 चं 352, इथे कैद दोन वर्षांपर्यंत जाते. तेव्हा समन्स आलं की आधी कलमं वाचा. दोषारोपपत्राची नक्कल आरोपीला फुकट मिळते, ती मागून घ्या. पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करायची नसते, हेही मला फार उशिरा कळलं. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि कबूल करायचंच ठरलं, तर 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा लाभ वकिलाकरवी मागा. कोर्टाने तो दिला, तर त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

माझ्या बाबतीत तेवढ्यापर्यंतही जायची गरज नव्हती. ही तिन्ही कलमं तडजोडीची आहेत. फिर्यादीने तडजोड केली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच, आणि या कलमांना कोर्टाची परवानगीही लागत नाही. लोकअदालतीतही ते होतं. फिर्यादी त्या दिवशी त्याच व्हरांड्यात, माझ्यापासून दहा हातांवर, शेंगदाणे खात उभा होता. मी तोंड फिरवून बसलो होतो.

परवा त्याच वाटेवर दोघं बैल पाजून परतत होतो. सहज विषय निघाला. तो म्हणाला, "तू एक शब्द बोलला असतास, मी तिथंच सही केलो असतो की."