इंग्रजीत कारण सांगण्याची रीत

रजेच्या अर्जात पुष्कळ विद्यार्थी असे वाक्य लिहितात: “माय फादर वॉज इल, बिकॉज आय डिड नॉट कम टु स्कूल.” मनातील मराठी वाक्य शुद्धच असते: वडील आजारी होते, म्हणून मी शाळेत आलो नाही. परंतु कागदावर उतरले त्याचा अर्थ असा की, चिरंजीव शाळेत आले नाहीत आणि त्यामुळे वडिलांनी अंथरूण धरले! शाळेत ही चूक हसण्यावारी जाईल. पण हाच विद्यार्थी पुढे कचेरीत कोणाचा अर्ज लिहावयास बसला, तर दोष भलत्याच्याच माथी बसावयाचा.

चूक होते ती अशी. आपले ‘म्हणून’ कारण सांगून झाल्यावर, कार्याच्या आधी येते. ‘बिकॉज’ हे कारणाच्याच आरंभी बसते. त्याचा सोबती आपला ‘कारण’ हा शब्द होय, ‘म्हणून’ नव्हे. ‘म्हणून’च्या जागी ‘सो’ किंवा ‘देअरफोर’ घालावे. मात्र ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ या जोडीच्या सवयीने आरंभी ‘ॲज’ आणि पुढे ‘देअरफोर’ असे दोन्ही लिहू नयेत. इंग्रजीस एक पुरते.

दुसरी अडचण ‘मुळे’ची. “तापामुळे” आणि “ताप आल्यामुळे” या दोहोंत आपण एकच प्रत्यय लावितो, कारण मराठीत क्रियापदासही नामाचे रूप सहज देता येते. इंग्रजीत नामापूर्वी ‘बिकॉज ऑफ’ येते, आणि कर्ता-क्रियापदाचे पूर्ण वाक्य असेल तर नुसते ‘बिकॉज’. म्हणून “बिकॉज ऑफ फीवर” बरोबर, “बिकॉज आय हॅड फीवर” हेही बरोबर. पण “बिकॉज ऑफ आय हॅड फीवर” हे कोठेच चालावयाचे नाही.

‘ड्यू टु’विषयी विद्वानांत वाद आहे. फाउलरसाहेबांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी प्रयोगांच्या कोशात, हे शब्द विशेषणासारखे नामाशीच जोडावेत, असा आग्रह धरिला: “दि डिले वॉज ड्यू टु रेन.” वाक्यारंभी “ड्यू टु रेन, वी वेअर लेट” असे लिहिणे त्यांस मान्य नव्हते. अलीकडचे कोश ते चालवून घेतात. तरी तेथे ‘ओइंग टु’ लिहावे, म्हणजे कोणत्याच परीक्षकाची हरकत राहणार नाही.

खरी कसोटी लागते ती आपल्या ‘ने’ या लहानशा प्रत्ययापाशी. ज्या तांब्यापितळेच्या भांड्यांकरिता सोनगीरचे नाव खानदेशात झाले, त्या धंद्यातीलच उदाहरण घ्या. तांबट हातोड्याने पत्रा ठोकतो. ठोकण्याने तांबे कठीण होते. म्हणून तो ते पुन्हा तापवितो आणि उष्णतेने ते मऊ पडते. पहिला ‘ने’ साधनाचा: “विथ अ हॅमर.” दुसरा कारणाचा: “फ्रॉम हॅमरिंग.” मराठीस दोहोंत भेद करण्याची गरज भासली नाही, इंग्रजीत प्रत्येक कारणाचे शब्दयोगी निराळे. तापाने मेला, “डाइड ऑफ फीवर”, थंडीने कुडकुडला, “शिव्हर्ड विथ कोल्ड”, भीतीने गप्प राहिला, “केप्ट साइलेंट आउट ऑफ फिअर”, पाण्याअभावी कपाशी वाळली, तर “फॉर वॉन्ट ऑफ वॉटर.” यांस नियम नाही, वाचता वाचता कानास सवय होते तीच खरी.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी आपल्याहून दुबळी पडते. “ही वॉज नॉट पनिश्ड बिकॉज ही वॉज पुअर” याचे दोन अर्थ होतात: गरीब म्हणून त्यास शिक्षा झाली नाही, अथवा शिक्षा झाली, पण ती गरीब म्हणून नव्हे. आपल्या ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांनी जो उलगडा होतो, तो इंग्रजीत शब्दांच्या जागेने करावा लागतो. पहिला अर्थ हवा तर कारण आधी लिहावे: “बिकॉज ही वॉज पुअर, ही वॉज नॉट पनिश्ड.” दुसरा हवा तर ‘नॉट’ हलवून ‘बिकॉज’च्या शेजारी न्यावे: “ही वॉज पनिश्ड, बट नॉट बिकॉज ही वॉज पुअर.”