पाठ केलेली उत्तरं आणि बंद पडलेलं नेटवर्क

सँडरिंगहॅम, ऑकलंड

चि. अमेय यास,


ताईनं फोनवर सांगितलं ते खरं असेल तर मला काळजी वाटते. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेची तारीख तू पंधरा दिवसांवर घेतलीस, क्लासमधल्या पोरांकडून डंपची पीडीएफ मिळवलीस, आणि सरावाचं सॉफ्टवेअर, पॅकेट ट्रेसर, उघडायला वेळ नाही म्हणतोस. ताई सांगताना खूश होती. तिला डंप म्हणजे मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका वाटल्या. तसं नाही, हे तुला ठाऊक आहे. परीक्षेला बसताना सिस्कोचा जो करार मान्य करावा लागतो, त्यात प्रश्न बाहेर न नेण्याची अट असते. डंप म्हणजे ती अट मोडून बाहेर आलेले प्रश्न. सापडलं तर प्रमाणपत्र रद्द, पुढे परीक्षेलाही बंदी होऊ शकते. पण माझी खरी भीती त्याच्या पुढची आहे. तू सापडणार नाहीस, पास होशील, नोकरीही लागेल, आणि मग एखाद्या रात्री एखाद्या हॉस्पिटलचं नेटवर्क एकट्या तुझ्या हाती असेल.

आपल्या कामात नुसती कमांड माहीत असून भागत नाही, ती दिल्यावर काय होईल ते आधी दिसावं लागतं. दोन स्विचमधल्या ट्रंकवर व्हीलॅन १० आणि २० चालू आहेत आणि तुला ३० वाढवायचाय, असं धर. पाठांतरात 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' ही ओळ पक्की बसलेली असते. चालू स्विचवर ती मारलीस तर जुनी यादी जाते आणि एकटा ३० उरतो. व्हीलॅनच्या पुढे 'ॲड' हा शब्द हवा. तो राहिला की त्या मजल्यावरचे फोन, प्रिंटर, काउंटर एका एंटरसरशी गप्प होतात, आणि तू स्वतः घरून त्याच ट्रंकमधून आत शिरला असशील तर स्विच तुझ्याही हातून जातो. म्हणून जाणता माणूस लांबून असा बदल करण्याआधी 'रिलोड इन १०' देऊन ठेवतो. गडबड झाली तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग घेऊन उठतो. सगळं ठीक चाललं तर 'रिलोड कॅन्सल', आणि मगच 'राइट मेमरी'. लाइन बंद असल्याचं परमिट हातात पडल्याशिवाय आपले अण्णा खांबावर चढत नसत, ही वीज मंडळातली शिस्त आपल्या घरात कोणाला सांगावी लागत नाही. तीच ही शिस्त. ती पीडीएफमधून येत नाही.

तू म्हणशील, एवढं कुठे बिघडतं? शेजारच्या ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ ला पहाटे ऑप्टस कंपनीचं देशभरातलं नेटवर्क बसलं. सुमारे १ कोटी ग्राहक. दुसऱ्या नेटवर्ककडून राउटिंगच्या माहितीचा लोंढा आला, राउटरमध्ये ते बनवणाऱ्या कंपनीकडून आलेली ठरावीक मर्यादा ओलांडली गेली, आणि सुमारे ९० राउटर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून बाजूला झाले. यंत्रं मोडली नव्हती, त्यांना जे सांगून ठेवलं होतं तेच त्यांनी केलं. ती मर्यादा किती आहे आणि ओलांडली तर काय होईल, हा प्रश्न आधी कुणी पुरेसा विचारला नव्हता. लांबून आत शिरायची वाटही त्याच नेटवर्कमधून जात असल्यानं माणसांना उपकरणांपर्यंत गाड्या काढून जावं लागलं. त्या दिवशी २ हजारांहून जास्त लोकांना ट्रिपल झिरो, म्हणजे तिथला तातडीचा मदत क्रमांक, लागला नाही. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटलचं नोव्हेंबर २००२ मधलं प्रकरण तर तुझ्या अभ्यासक्रमातल्या विषयाचंच आहे. नेटवर्क वाढत वाढत स्पॅनिंग ट्रीला, म्हणजे लूप टाळणाऱ्या व्यवस्थेला, झेपेल त्या मर्यादेबाहेर गेलं, स्विच लूपमध्ये अडकले, आणि इतकं पुढारलेलं हॉस्पिटल चारेक दिवस कागदावर आलं. तपासण्यांचे निकाल माणसं हातात घेऊन धावत होती. स्पॅनिंग ट्री हा विषय तुझ्या डंपमध्ये चार पर्यायांचा एक प्रश्न म्हणून येतो.

बॅकअप असतोच की, हे तुमच्या पिढीचं आवडतं उत्तर. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराकडेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिंक होत्या. दोन्हीकडे गडबड झाली, सकाळी ११.४० ला व्यवहार थांबले ते पावणेचारला सुरू झाले. इथे ऑकलंडमध्ये १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या चारही मुख्य केबल एकामागून एक गेल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे विजेविना कसाबसा चालला. कागदावर दोन किंवा चार वाटा दिसतात. त्या खरोखर वेगळ्या आहेत का, हे विचारणारं डोकं लागतं. आणि हे मोठ्या कंपन्यांपुरतं आहे असं समजू नकोस. इथल्या सँडरिंगहॅम रोडवर आपल्या लोकांची किराणा दुकानं आणि खाणावळी ओळीनं आहेत. गिऱ्हाइकाच्या खिशात रोकड क्वचितच असते, सगळे एफ्टपॉसवर कार्ड टेकवतात. शनिवारी संध्याकाळी ते यंत्र बंद पडलं तर त्या घराचा आठवड्याचा हिशोब बिघडतो. असल्या एखाद्या दुकानातही तुला कुणीतरी बोलावणारच आहे.

तुझा दुसरा मुद्दा, नोकरीत शिकेन. यात तथ्य आहे, खरं शिक्षण कामावरच होतं. पण समोर घडतंय ते ओळखण्याइतकी नजर आधी लागते. समज, तक्रार आली की फाइल उघडायला फार वेळ लागतो. तू पिंग मारतोस, उत्तर येतं, तू 'नेटवर्क ठीक' असं लिहून मोकळा होतोस. दुखणं असं असू शकतं की केबलच्या एका टोकाला फुल डुप्लेक्स आहे आणि दुसऱ्या टोकाला हाफ. छोटे पिंग सुखरूप जातात, मोठी फाइल निघाली की टकरा सुरू होतात. 'शो इंटरफेस'मध्ये एका बाजूला सीआरसी एरर आणि दुसऱ्या बाजूला लेट कोलिजन वाढताना दिसतात. पण त्या आकड्यांकडे बघायचं असतं हेच ठाऊक नसेल, तर कामावर दहा वर्षं काढूनही तू पिंगच मारत राहशील. इथल्या मुलाखतीतही पर्याय देऊन विचारत नाहीत. एका मजल्यावरच्या फोनना आयपी मिळत नाही, कुठून सुरुवात करशील, असं विचारतात आणि तुझा विचार कसा चालतो ते ऐकत बसतात. तिथे पाठ केलेलं पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि ऑकलंडमधलं हे क्षेत्र इतकं लहान आहे की झालेली गोष्ट लपत नाही.

आता सगळं एआय आणि ऑटोमेशन करतं, असंही तू ताईला म्हणालास. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीतली एक कमांड दिली गेली. चुकीची कमांड अडवण्यासाठी तपासणीचं सॉफ्टवेअर होतं. त्यातच दोष निघाला. कंपनीच्या नेटवर्कचा कणाच तुटला, पाठोपाठ डीएनएस गेला, आणि जग सुमारे सहा तास व्हॉट्सॲपविना राहिलं. साधनं जरूर वापर, मी ती वापरूच नकोस म्हणत नाही. पण यंत्रानं लिहून दिलेल्या दहा ओळींतली नववी ओळ घातक आहे, हे ओळखणारा माणूस तू असायला हवास. डंपनं तो माणूस तयार होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा म्हणतेय ते त्यासाठीच.

पैशाचा आणि वेळेचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. फी ३०० अमेरिकी डॉलरच्या घरात, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, इकडे यायचं तर व्हिसाच्या तारखा, आणि घरात सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे. एवढ्या ओझ्याखाली सोपी वाट दिसली तर मुलाचा पाय तिकडे वळतो, यात तू वाईट ठरत नाहीस. तरी हिशोब कर. प्रमाणपत्र तीन वर्षंच टिकतं, मग नूतनीकरण. डंपच्या जोरावर उभा राहिलास तर दर तीन वर्षांनी हीच धास्ती. आमच्या वेळी खऱ्या राउटरला हात लावायला मिळणं हीच चैन होती, त्या वयात रोज तासभर तरी हाताशी राउटर असता तर, ही हळहळ मला अजून वाटते. तुझ्याकडे पॅकेट ट्रेसर फुकट आहे. त्यात रोज एक नेटवर्क उभं कर, मग मुद्दाम त्यातलं काहीतरी बिघडव, आणि कारण सापडेपर्यंत उठू नकोस. सबनेटिंग कागदावर हातानं कर. अडलास तर मला विचार, रात्रीबेरात्री विचारलंस तरी चालेल. तुझी रात्र म्हणजे माझी सकाळ.

रागावून लिहायला बसले होते, पण तुझ्यावर फार वेळ रागावणं मला जमत नाही. तू हुशार आहेस, घाबरला आहेस एवढंच. ताईला मी यातलं काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. परीक्षेची तारीख तीन महिने पुढे घे. त्यासाठी काही पैसे भरावे लागले तर ते मी पाठवते, कर्जाच्या हप्त्याचंही आपण बघू. ती पीडीएफ आजच डिलीट कर, जेवणाच्या वेळा सांभाळ, आणि रविवारी फोन कर.

तुझी,
मावशी