शिस्तभंग की लक्षण?

सात वर्षांचा मुलगा वर्गात वारंवार जागेवरून उठतो, ओरडतो, शिक्षिकेचे ऐकत नाही. आपण बालरोगतज्ज्ञ यास लक्षण म्हणतो. शाळा बेशिस्त म्हणते. अमेरिकेत या दोन शब्दांपैकी कोणता वाट्याला यावा, याचा मुलाच्या वर्णाशी निकटचा संबंध दिसतो.

तेथील शासकीय आकडेवारीनुसार २०१७-१८ मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांपैकी विशेष शिक्षण घेणारे कृष्णवर्णीय दिव्यांग विद्यार्थी २.३ टक्के होते. निलंबित होऊन घरी पाठविल्या गेलेल्यांत मात्र त्यांचे प्रमाण ८.८ टक्के होते.

ही मुले अधिक दांडगट असतील, असे सहज वाटते. रसेल स्किबा व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या शहरातील शाळांच्या नोंदी तपासल्या. श्वेतवर्णीय मुलांवरील तक्रारी धूम्रपान, तोडफोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या होत्या. कृष्णवर्णीयांवरील 'अनादर', 'अति गोंगाट' अशा. ताप मोजावयास तापमापक आहे, अनादर मोजावयास काय आहे?

दोष केवळ शिक्षकांचा नाही. डेव्हिड मँडेल यांच्या २००२ च्या फिलाडेल्फियातील अभ्यासात शासकीय वैद्यकीय साहाय्यावरील श्वेतवर्णीय मुलांत स्वमग्नतेचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी, तर कृष्णवर्णीयांत ७.९ व्या वर्षी झालेले आढळले. हा विलंब आपल्या व्यवसायबंधूंच्या दालनातला आहे.

आणि तो महाग पडतो. १९७५ च्या मूळ कायद्यातून विकसित झालेल्या तरतुदींनुसार दिव्यांग मुलास दहा शालेय दिवसांहून अधिक काळ दूर ठेवावयाचे असल्यास शाळा व पालकांनी एकत्र बसून दोन प्रश्न तपासावे लागतात. हे वर्तन दिव्यांगत्वातून उद्भवले काय? की ठरलेला शिक्षण-आराखडा शाळेनेच पाळला नाही? एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास, शस्त्र, अमली पदार्थ वा गंभीर दुखापतीची प्रकरणे वगळता, मूल सामान्यतः आपल्या वर्गात परतते. निदानच नसेल तर हे प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाहीत.

तथापि एक वाट आहे. घटनेपूर्वी पालकांनी शाळेस लेखी चिंता कळविली असेल किंवा तपासणीची मागणी केली असेल, तर निदानाआधीही हे संरक्षण मागता येते. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे तिकडे शिकतात आणि रात्री-अपरात्री फोनवर सल्ला विचारला जातो. अशा वेळी औषधाचे नाव सांगण्याआधी, शाळेला पत्र दिले आहे का आणि त्यावर तारीख कोणती, हे मी विचारतो.